बाबांचं बोलणं

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे पावसात भात लावतात, भात कापून झालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा लावतात, आणि कागदावर काही उतरवायची वेळ आली तर ग्रामपंचायतीतल्या शिपायाची मनधरणी करतात. बारावीनंतर पुढे शिकायला गेलेला घरातला पहिला माणूस मी. त्यामुळे आपलं लिहिलेलं दुसऱ्याने वाचावं असं म्हणणं मला अजून आगाऊपणाचं वाटतं. शिवाय लोकांनी वाचावं म्हणून मी याआधी एकदाच काही लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. ते वाचून, या मुलाने पुन्हा लिहायला नको होतं असं कुणाला वाटलं, तर मी वाद घालणार नाही.

आमचं गाव अलिबागला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, चालत वीस मिनिटांवर. फेब्रुवारी सरता सरता कांदा निघतो. तो पातीसकट वाळवायचा आणि वाळलेली पात एकमेकींत गुंफत त्याची माळ विणायची. बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. बाबांची माळ गावात नावाजलेली होती. डाव्या हाताने कांदा बसवायचा, उजव्याने पात ओढून पीळ द्यायचा, आणि हे करताना समोरच्याशी बोलत राहायचं. त्यांची माळ वर्षभर खुंटीला टांगली तरी एक कांदा गळत नसे. दुसऱ्या कुणाची सैल माळ दिसली की म्हणायचे, "ही माळ न्हाय, ही घाई हाय."

बाबा फार बोलके होते. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या रस्त्याने जायच्या, त्या रस्त्याकडेच्या आमच्या कांद्याच्या मांडवाशी थांबायच्या त्या बाबांच्या तोंडामुळे. एखादी बाई म्हणाली, "कांदा लहान आहे हो," तर लगेच उत्तर यायचं, "लहान हाय म्हणूनच गोड हाय, ताई. मोठा झाला की तिखट होतो. माणसाचंच घ्या." बाई हसायची आणि दोन माळा घेऊन जायची.

बाबांना साखर आहे हे आशाताईने शोधून काढलं. आशाताई हे तिचं नाव नव्हे. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला सगळे तेच म्हणतात. नात्याने ती आमची वहिनी लागते. तिने शाळेच्या ओट्यावर चाळिशीपुढच्या सगळ्यांची बोटं टोचली. बाबांचा थेंब मशीनला लावला, आकडा बघितला आणि दुसरं बोट टोचलं. आकडा तोच आला. उपकेंद्रातून साखरेच्या गोळ्या मिळाल्या, रक्तदाबाची एक वेगळी. बाबांना तर काहीच दुखत नव्हतं. पायांना मुंग्या यायच्या, पण चिखलात उभं राहणाऱ्या माणसाला त्या येतातच असं सगळे समजत होते. "दुखत न्हाय त्याला औषध कशाला," एवढंच त्यांचं म्हणणं. तरी वर्षभर त्यांनी गोळ्या घेतल्या, कारण आशाताई सकाळी दारात उभी राहून त्या गिळायला लावायची.

मी तेव्हा मुंबईत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. वसतिगृहात राहायचो. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरायचो आणि तिथून घरी. त्या मोसमात रस्त्याकडेला कांद्याचे मांडव एकाला एक लागून झाले होते. बाबा मला म्हणाले, "तू सायन्सला हायस. काहीतरी लिव. गाडीतनं वाचून मानूस थांबला पायजे."

मी मोबाइलवर शोधलं. दहा ठिकाणी एकच मजकूर होता, एकाने दुसऱ्याचा उतरवलेला. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून. पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या रंगाने लिहिलं: 'अलिबागचा अस्सल पांढरा कांदा. शुगर, बीपी, हृदयविकारावर गुणकारी. रोज कच्चा खा, गोळ्या विसरा.'

'गोळ्या विसरा' हे शब्द मला कुठे मिळाले नव्हते. ते माझे. शेवट जरा जोरदार व्हावा म्हणून मी ते जोडले.

पाटी चालली. गाड्या थांबायला लागल्या. बाबा गिऱ्हाइकासमोर कांदा मुठीने फोडायचे आणि कचाकचा खायचे. "मला सोताला शुगर हाय. रोज दोन खातो. बघा, आजारी दिसतो का?" मग पाटीकडे बोट. "हे माझ्या पोराने लिवलंय. सायन्सला हाय तो." मी मागे माळा बांधत असायचो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, आणि मी खाली बघायचो. तेव्हा मला बरं वाटायचं. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

बाबांनी गोळ्या नक्की कधी बंद केल्या, ते मला सांगता येत नाही. आशाताईच्या वाट्याला आणखी दोन वाड्यांचं काम आलं आणि तिचं सकाळी दारात उभं राहणं थांबलं. बाबांना चौथीपर्यंतचंच वाचता येत होतं. पण माझी पाटी त्यांना पाठ होती.

पुढच्या वर्षीच्या मार्चमधला रविवार. माझी प्रात्यक्षिकं जवळ आली होती म्हणून मी त्या आठवड्यात घरी गेलो नव्हतो. सकाळी आई उरलेल्या माळा आणायला मांडवातून घरी गेली. बाबा एकटेच होते. ती डोक्यावर माळा घेऊन परतली तेव्हा बाबा बाकड्यावरून घसरून खाली बसले होते. तोंड उजवीकडे उतरलं होतं. आजूबाजूचे चार-पाचजण जमले होते. कुणी म्हणालं फिट आली असेल, कांदा हुंगवा. आमच्याकडे कुणी भोवळ येऊन पडलं की कांदा फोडून नाकाला लावतात. आईने बाबांच्याच माळेतला कांदा तोडला, दगडाने ठेचला आणि त्यांच्या नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, आला शुद्धीवर. दुसरा ठेचला. मग तिसरा. शेवटी एका रिक्षावाल्याने उजवा हात उचलून सोडून बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे कांद्याचं न्हाय. वारं गेलंय अंगावरनं."

रविवारची गर्दी. रिक्षा गाड्यांच्या रांगेत उभी राहिली. आई मला इस्पितळातून फोनवर सांगत होती, रडत नव्हती. तिच्या हाताला कांद्याचा वास येतोय आणि नर्स तिला लांब उभी राहा म्हणतेय, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मी दुपारी पोचलो. डॉक्टर माझ्याहून फार मोठे नसावेत. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या आतून खराब होतात, त्यात गुठळी अडकायला सोपं जातं. सोबत रक्तदाब असला तर आणखी सोपं. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. झटक्याच्या वेळी साखर इतकी वर असली की नुकसानही जास्त होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच द्यायचं असतं. "तुम्ही वेळ घालवलात," ते म्हणाले. "सुधारणा होईल, पण हळू. आणि साखर ताब्यात राहिली तरच. नाहीतर दुसरा झटका फार लांब नाही."

मग त्यांनी आईला विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"कांदा खायचे ना साहेब, रोज," आई म्हणाली.

"कांदा?"

"पांढरा. शुगरवर असतो तो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"तू काय करतोस?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"बी.एस्सी. दुसरं वर्ष."

"विषय?"

"केमिस्ट्री."

त्यांनी मान हलवली आणि नर्सला म्हणाले, "लिहा सिस्टर. ट्रीटमेंट हिस्टरी: कांदा." नर्सने हसू दाबायचा प्रयत्न केला. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तेवढाही केला नाही.

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसलो असताना मला एक व्हिडिओ आला. शेजारच्या गावातल्या मुलांच्या ग्रुपवरून फिरत आला होता. खाली लिहिलं होतं, 'काकांनी सकाळी सकाळीच लावली.' मुंबईच्या कुठल्यातरी गाडीतून काढलेला. बाबा बाकड्यावर बसलेत. गिऱ्हाइकाने तीन माळा मागितल्यात. बाबा डाव्या हाताने एक माळ उचलून देतात, ती परत घेतात, पुन्हा तीच देतात. काहीतरी बोलताहेत, पण तोंडातून नुसती लाळ आणि घोगरा आवाज. "काका, किती पेग झाले?" असं गाडीतला आवाज विचारतो, आणि मागून बायका-मुलांचं हसणं. बाबाही हसतात. अर्ध्या तोंडाने. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, ही त्यांची सवय. माळा घेऊन गाडी निघते तेव्हा मागची पाटी पूर्ण दिसते. माझं अक्षर लांबूनही चांगलं दिसतं.

म्हणजे आई यायच्या आधी बराच वेळ त्यांना झटका आलेला होता आणि ते कांदे विकत होते. आम्ही तीन पिढ्या दारूला शिवलेलो नाही. मी तो व्हिडिओ आईला कधी दाखवला नाही. नंतर बाबांच्या धाकट्या भावाने, माझ्या काकाने, दाखवला.

तीन आठवड्यांनी बाबांना घरी आणलं. ओटीवर खुर्ची ठेवली. बघायला माणसं येऊ लागली, तशी ती येतातच. पण बोलता न येणारा माणूस बहिरा असतो अशी त्यांची समजूत होती. काका बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा आणि आईला विचारायचा, "आता शेताचं काय करायचं ते सांग. हा काय उठत न्हाय. ओंडका झालाय." बाबा त्याच्याकडे बघत असायचे. मी आलो की काका सरकून जागा करायचा. "या, डॉक्टरसाहेब, बसा. आज कुठली पाटी?"

मी ठरवलं होतं की बाबांना बोलतं करायचं. माझ्या मनात त्याचं एक कारण होतं, आणि ते बाबांच्या भल्याचं नव्हतं. घरातल्या डब्यात मला गोळ्यांची पाकिटं सापडली होती, एकही गोळी न काढलेली. त्या त्यांनी पाटी वाचून सोडल्या, की आधीच कंटाळून सोडल्या होत्या, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याला फक्त 'ता' म्हणता येत होतं. पाणी हवं तरी ता, माशी बसली तरी ता. मला त्यांच्या तोंडून हो किंवा नाही ऐकायचं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पूर्ण वेळ घरी होतो. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पहिले काही महिने सर्वांत मोलाचे. जे यायचं त्यातलं पुष्कळसं तेव्हाच येतं. आणि साखर वाढलेली राहिली तर तेही येत नाही. मी वही केली. सकाळची साखर, जेवण, पावलं, शब्द. भाताची मूद बंद केली. बाबा आयुष्यभर भात जेवलेले. त्यांच्या पुढ्यात मोजून एक नाचणीची भाकरी आणि पालेभाजी ठेवायचो. ते डाव्या हाताने ताट ढकलायचे. मी पुन्हा पुढे करायचो. आई चोरून भात द्यायची, तो मी पकडायचो.

"तुझा बाप हाय तो," एकदा आई म्हणाली. "कॉलेजातला उंदीर न्हाय."

"दुसरा झटका आला म्हणजे कळेल," मी म्हणालो.

"तुला पहिला कळला व्हता?"

त्यानंतर दोन दिवस मी आईशी बोललो नाही. भात मात्र दिला नाही.

आंबे निघाले. एक छोटी फोड त्यांना चालली असती, तसं मी बाईंना विचारूनही घेतलं होतं. मी फोड हातात धरून बाबांसमोर बसलो. "म्हणा, आंबा. आ. आंबा." ते फोडीकडे बघत होते. "ता," ते म्हणाले. "आ," मी म्हणालो. "ता." ओठांच्या उतरलेल्या कोपऱ्यातून लाळ आली. असं दहा-बारा वेळा झालं असेल. मग मी ती फोड त्यांच्यासमोर खाल्ली. राग आला म्हणून नाही. असं केलं की माणूस प्रयत्न करतो, असं माझं मत होतं. खरं म्हणजे माझं मतही नव्हतं. कुत्रा शिकवण्याबद्दल कुठेतरी वाचलेलं होतं.

त्याच महिन्यातली आणखी एक दुपार आहे. ती लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस घालवले.

बाईंनी एक गोष्ट सांगितली होती: चांगला हात थोडा वेळ अडकवून ठेवला तर कमजोर हात काम करायला लागतो. पण शेजारी माणूस बसलेलं हवं, आणि थोडाच वेळ. मी अर्धी गोष्ट उचलली. ओटीवर बाबांना खुर्चीत बसवलं, डावा हात पंचाने खुर्चीच्या दांडीला बांधला आणि समोर पाटावर विणायचे राहिलेले कांदे ठेवले. "उजव्याने पात ओढा," मी म्हणालो. "एक पीळ दिलात तरी सोडतो." आई पाण्याला गेली होती. तेवढ्यात मोबाइलवर कॉलेजच्या मित्राचा मेसेज दिसला, निकालाबद्दल. आमच्याकडे बोलण्याइतकी रेंज फक्त मोरीजवळ येते. दोन मिनिटं म्हणून गेलो. निकाल कळला, मित्राने बाकीच्यांचे मार्क सांगितले, मी माझे सांगितले. किती वेळ गेला ते मी तेव्हा बघितलं नाही. तासाच्या आत नसावा.

परत आलो तेव्हा कांदे जसेच्या तसे होते. बाबांचा लेंगा ओला होता आणि खुर्चीखाली थारोळं साचलं होतं. त्याला तांबड्या मुंग्या लागल्या होत्या. भिंतीच्या फटीतून खुर्चीच्या पायापर्यंत त्यांची सरळ रांग होती, आणि तिथून त्या बाबांच्या पावलांवर, घोट्यावर चढल्या होत्या. पाऊल लाल झालं होतं. साखरेने त्या पायातली जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे त्यांना चावे कळत नव्हते. पण दिसत होते. ते आपल्या पायाकडे बघत बसले होते.

मी पहिली गोष्ट काय केली, तर मुंग्या झटकल्या नाहीत. हातही सोडला नाही. मुंग्या बघून माझ्या मनात आलं की लघवीत साखर उतरली आहे, म्हणजे यांनी काहीतरी खाल्लं आहे. मी ओरडलो. "काय खाल्लंस? कुणी दिलं तुला? मी इथे मरतोय आणि तू गोड खातोस?" बाबांना मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं.

बाबांनी मान वर केली. ओठ हलले. आवाज काहीच निघाला नाही, 'ता'सुद्धा नाही. मग त्यांनी तोंड मिटलं.

पंचा आईने येऊन सोडला. तिने मुंग्या झटकल्या, पाय धुतले, लेंगा बदलला. पायावरच्या चाव्यांच्या जखमा झाल्या आणि त्या भरायला पावसाळा अर्धा गेला. आशाताई रोज येऊन त्या धुवायची. साखर असलेल्या माणसाची जखम अशीच रेंगाळते, हे तिने मला सांगितलं, जणू मला ते माहीत नसावं.

जूनपासून मी पुन्हा शनिवार-रविवारपुरता घरी येऊ लागलो. आशाताईने गोळ्यांचं सगळं आपल्या हाती घेतलं. रोज सकाळी समोर उभी राहून देऊ लागली, साखर मोजू लागली. आकडे खाली आले. जुलैत बाबा काठी घेऊन ओटीपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले. उजवा अंगठा हलू लागला. वहीत मी सगळं लिहीत होतो. शब्दांच्या रकान्यात मात्र दर शनिवारी एकच: प्रगती नाही. 'ता'ही गेला होता. मी समोर बसून क, ख, ग म्हणायचो. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचे.

मी बाबांना घेऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी बाबांच्या घशात बॅटरी मारून बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली, टाळी वाजवायला सांगितली. सांगितलं ते सगळं बाबांनी केलं. "समजतं तर सगळं," डॉक्टर म्हणाले. "हात-पाय सुधारलेत, साखर चांगली आहे. एव्हाना थोडं बोलणं यायला हवं होतं. कधी कधी नाही येत." मुंबईत मी आमच्या सरांना विचारलं. ग्रंथालयात एक जाड पुस्तक काढून बसलो, त्यातलं निम्मं कळलं नाही. मे महिन्यात मी त्यांच्या मेंदूला आणखी काही इजा केली का, दुसरा एखादा बारीक झटका तेव्हाच येऊन गेला का, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी बाबांच्या पायाशी बसलो. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. आमच्यात कुणी कुणाची मागत नाही. मी म्हणालो, "बाबा, मी चुकलो. ती दुपार पण, आणि आधीचं पण. मला एवढंच सांगा. गोळ्या तुम्ही माझी पाटी वाचून सोडल्यात का? बोलता येत नसेल तर नका बोलू. हो असेल तर माझा हात दाबा." आणि मी माझा हात त्यांच्या डाव्या हातात दिला. तो चांगला हात होता, माळा विणणारा, काहीही दाबू शकणारा. त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

हे 'नाही' होतं की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी ठरवलं की वाट बघायची. बोलतील तेव्हा सांगतील. साखर अशीच ताब्यात राहिली तर वर्षभराने, दोन वर्षांनीही शब्द परततात, असं त्या पुस्तकात होतं. ते पान मी वहीत उतरवून घेतलं होतं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. सकाळी मी भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या रांगेत उभा होतो. आशाताईचा फोन आला.

"निघालास का? येताना साखर मोजायच्या पट्ट्या घेऊन ये. इथं संपल्यात," ती म्हणाली. "तुझे बाबा काल म्हणत व्हते, त्याला फोन करू नको, अलिबागहून मागवू. पन मी म्हटलं, येतोच हायस तर."

"काय म्हणत होते?"

"फोन करू नको म्हणून."

"खुणेने?"

"खुणेने कशाला? तोंडाने."

पुढची माणसं सरकली. मागच्याने मला ढकललं, मी बाजूला झालो.

"तुला ठाऊक न्हाय?" आशाताईचा आवाज खाली गेला. "मला वाटलं घरात बोलणं झालं असेल. अरे, आषाढातच शब्द यायला लागले व्हते. मी पाय धुवायला जायची तेव्हा. आता अडखळतात, पन बोलतात सगळं. तुझ्या आईशी बोलतात, माझ्याशी बोलतात. परवा काकाला त्यांनी शेतावरनं शिव्या घातल्या."

"आईला माहीत आहे?"

"तिला त्यांनी शपथ घातलेय. मी पन सांगायला नको व्हतं. पन आता सुरू केलंय तर ऐक. मी सकाळी गोळ्या घेऊन गेले की पहिलं मला विचारतात, आज वार कोणता. शुक्रवारपर्यंत गप्पा मारतात. शनिवार म्हटलं की गोळी गिळतात, तोंड पुसतात, आणि मग तू परत जाईस्तवर एक शब्द न्हाय. आज मी आत्ताच सांगून आलेय, शनिवार."